रस्किनच्या बायकोला घटस्फोट मिळाला कसा?

वाटसरू७१: लेकीकडे आलेय. काल तिने ऑक्सफर्डला ॲशमोलियन संग्रहालयात नेलं. एका चित्रापुढे गुडघे बोलायला लागेपर्यंत उभी होते. ओढ्याकाठच्या खडकावर जॉन रस्किन, हातात टोपी, मागे फेसाळतं पाणी. गांधीजींच्या सर्वोदयामागचा इंग्रज लेखक, तोच रस्किन. लेक म्हणाली, "आई, हे काढणाऱ्या मिलेनेच पुढे याच्या बायकोशी लग्न केलं." तेव्हा बाईला घटस्फोट मिळायचा? आणि हे चित्र पुरं तरी कसं झालं?

जुनीवही: ताई, तो घटस्फोट नव्हेच. १८५७ च्या कायद्याआधी पुनर्विवाहाची मोकळीक देणारा घटस्फोट हवा, तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. तो मिळे श्रीमंतांना, त्यातही जवळपास सगळ्या पुरुषांनाच. रस्किनच्या बायकोने, एफीने, चर्चच्या न्यायालयात लग्नच रद्द करून मागितलं. लग्न १८४८ चं, सहा वर्षं संसार, शरीरसंबंध शून्य. दोन डॉक्टरांनी तिला तपासलं (काय वाटलं असेल त्या पोरीला!). रस्किनने विरोध केला नाही. जुलै १८५४ मध्ये निकाल लागला, कारण नवऱ्याचं 'असाध्य नपुंसकत्व'.

त्याआधीचा २५ एप्रिल वाचाच. माहेरी चाललीय म्हणून रस्किन तिला किंग्ज क्रॉसला गाडीत बसवून आला. संध्याकाळी सासूच्या हाती पुडकं: लग्नाची अंगठी, किल्ल्या आणि घरखर्चाची वही!

चित्र १८५३ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमध्ये ग्लेनफिनलसला सुरू झालं. तिघं एका मास्तरांच्या चिमुकल्या घरात, बाहेर पाऊस. एफी मिलेचे केस कापतेय असं त्याचं एक रेखाटनही आहे. रस्किनला काही दिसलंच नाही म्हणावं, की बघायचं नव्हतं? मला दुसरं वाटतं. ती निघून गेल्यावरही मिलेने चित्र सोडलं नाही, खडक रंगवायला पुन्हा तिथेच गेला. दोस्ती मात्र संपली.

कोकणकडा: लेडी ईस्टलेकला विसरू नका. एफीची मैत्रीण. नवरा रॉयल ॲकॅडमीचा, म्हणजे चित्रकारांच्या मानाच्या संस्थेचा, अध्यक्ष, त्यामुळे बाईंचा शब्द वजनदार. लंडनच्या दिवाणखान्यांतून एफीची बाजू मांडत फिरल्या.

जुनीवही: बरोबर, तरी राजवाड्याचं दार बंदच. १८५५ मध्ये मिलेशी लग्न, आठ मुलं, पण पहिलं लग्न असं मोडलेलं म्हणून राणी व्हिक्टोरिया एफीला भेटेना. १८९६ मध्ये घशाच्या कर्करोगाने मिलेचा आवाज गेला, तेव्हा त्याने पाटीवर लिहून मागितलं, 'राणीने माझ्या बायकोला भेटावं.' मग भेटली.

वाटसरू७१: हिशेबाची वहीसुद्धा! उद्या परत जातेय. लेकीला बजावलंय, या वेळी आधी स्टूल मागून घे.