गिटमधल्या लोकल ब्रँच मर्ज करतानाचे किस्से येऊ द्या

टीममधल्या नवीन मुलीच्या स्क्रीनवर आज सात बाण, सात बरोबरची चिन्हं, पुन्हा सात बाण दिसले (म्हणजे मर्ज कॉन्फ्लिक्ट, एकाच जागी दोघांचे वेगळे बदल) आणि एसव्हीएनचा (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिटच्या आधीचं सॉफ्टवेअर) काळ आठवला. त्याची 1.5 आवृत्ती (2008) येईपर्यंत कुठली रिव्हिजन (बदलांची नोंद) मर्ज झाली हे आम्ही वहीत लिहायचो. वही ज्याच्याकडे तो राजा! आता पोरं गिटमध्ये चहा येईपर्यंत ब्रँच (कोडची वेगळी फांदी) काढतात, जोडतात (म्हणजे मर्ज), उडवतात. किस्से फक्त लोकल (आपल्याच मशीनवरच्या) ब्रँचचे हं. फोर्स पुशवाल्यांसाठी (सर्व्हरवरची ब्रँच जबरदस्तीने बदलणाऱ्यांसाठी) वेगळा धागा काढू.

खारी_बिस्किट
मी एकच ओळ बदललेली. दुसऱ्या ब्रँचवर कुणीतरी तीच फाइल विंडोजवर सेव्ह केलेली, सगळ्या ओळींचे शेवट (न दिसणारी चिन्हं) बदलले. मर्ज केलं तर अख्खी फाइल कॉन्फ्लिक्ट, आणि डोळ्यांना फरक शून्य. मर्जच्या '-एक्स रीनॉर्मलाइज' पर्यायाने (ओळींचे शेवट आधी सारखे करतो) सुटका झाली.

पावट्याची_उसळ
गॅसवर कुकर आहे, थोडक्यात लिहिते. कॉन्फ्लिक्ट न येणारं मर्ज जास्त घातकी. एका ब्रँचमध्ये फंक्शनचं नाव बदललं, दुसरीत जुन्याच नावाने नवीन कॉल. फायली वेगळ्या, म्हणून गिट गप्प. बोंब मारली बिल्डने (कोडचा प्रोग्रॅम बनवताना). बाकी रात्री.

उंटावरचा_शहाणा
कुकरमध्ये पावटे का?

डोंबिवली_फास्ट_फॉरवर्ड
आमच्याकडचा एक जण कॉन्फ्लिक्ट आला की फोल्डरच डिलीट करून परत क्लोन करायचा (सर्व्हरवरून नवी प्रत घ्यायचा). 'मर्ज --अबॉर्ट' (अर्धवट मर्ज रद्द करणारी कमांड) नावाची चीज असते हे गावीही नाही. एकदा पुश न केलेल्या (सर्व्हरवर न पाठवलेल्या) ब्रँचेस गेल्या. रेफलॉगही (ब्रँच आधी कुठे होती याची गिटची नोंद) त्याच .गिट फोल्डरात असतो, त्यामुळे तोही गेला. दोन दिवस कुणाशी बोलला नाही बिचारा.

खारी_बिस्किट
अरेरे!! त्याला चहा पाजा.

नवखा_पुणेकर
स्क्वॉश मर्ज (ब्रँचचे सगळे बदल एकत्र करून घेणं) करूनही 'ब्रँच -डी' (ब्रँच उडवायची कमांड, छोटा डी) म्हणतं मर्ज झालेली नाही. का?

डोंबिवली_फास्ट_फॉरवर्ड
स्क्वॉशमध्ये बदल येतात, जुने कमिट (एकेका बदलाच्या नोंदी) येत नाहीत. गिट कमिट बघतं. छोटा डी अडवतो, मोठा डी काही विचारत नाही. मोठा जपून.

धागाकर्ता
@नवखा, कॉन्फ्लिक्टस्टाइल (कॉन्फ्लिक्ट कसा दाखवायचा याची सेटिंग) 'झेडडिफ3' पण लावून ठेव (गिट 2.35 पासून आहे). दोघांनी हात लावण्याआधी तिथे काय होतं तेही मध्ये दिसतं. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

पावट्याची_उसळ
आले. @उंटावरचा, पावटे नाहीत, वरणभात. उसळ उद्या.

उंटावरचा_शहाणा
गूळ घालता ना?