दमट हवेत बेसबॉलच्या बॅटची पकड

राजवाडा_इंदूर: माझा भाचा इंदूरमध्ये बेसबॉल खेळतो. पावसाळ्यातील दमट हवेत लाकडी बॅट त्याच्या घामेजलेल्या हातांतून सटकते. अमेरिकी खेळाडू दांड्याला जो काळा, चिकट पदार्थ फासतात, तो कोणता आणि तो नियमात बसतो का?

तुकोगंजकर: तो पाइन टार, म्हणजे पाइनचे लाकूड अत्यल्प हवेत तापवून काढलेले डांबर होय. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतील अव्वल व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेच्या, नियमानुसार ते दांड्याच्या टोकापासून १८ इंचांपर्यंतच लावता येते, कारण त्यापुढे लावल्यास चेंडू माखतो. २४ जुलै १९८३ रोजी न्यूयॉर्कमध्ये फलंदाज जॉर्ज ब्रेट यांचा होमरन (मैदानाबाहेर टोलवलेला फटका) डांबर १८ इंचांपुढे गेल्याच्या कारणावरून पंचांनी रद्द केला व त्यांना बाद ठरवले. मात्र मेजर लीगमधील अमेरिकन लीग या गटाच्या अध्यक्षांनी तो निर्णय फिरवला आणि उरलेला सामना ऑगस्टमध्ये खेळवण्यात आला. मैदानावर धावून आलेल्या ब्रेट यांचा संताप चित्रफितीत अवश्य पाहावा.

मल्हारगंज: भाच्यासाठी मला राळेची पूड अधिक योग्य वाटते. पाइनच्या चिकातून टर्पेन्टाइन काढून घेतल्यावर उरणारी ही राळ कोरडी असते आणि कापडी पुरचुंडीतून हातांवर थोपटली की पुरते. डांबर मात्र हातमोज्यांवरून व कपड्यांवरून सहजासहजी निघत नाही. घरी धुणे कोण करते, याचाही विचार व्हावा. बॅट धातूची असल्यास रबरी ग्रिप बदलणेच बरे.

राजवाडा_इंदूर: धुणे ताईच करते, त्यामुळे राळच आणतो. आपणा दोघांचे आभार. स्थानिक स्पर्धेचे नियम प्रशिक्षकांना विचारून घेतो.