जुन्या पीसीवर मिटिगेशन्स सरळ बंद करा, असं माझं मत

अंबडचा फिटर
अंबडला आमचं छोटं जॉबवर्कचं युनिट आहे. चार पीसी, सगळे सहाव्या पिढीचे आय-फाइव्ह, सगळ्यांवर डेबियन १३, म्हणजे लिनक्सच. गेल्या महिन्यात चारही मशीनच्या ग्रबमध्ये (मशीन चालू करताना लिनक्स उठवणारा प्रोग्रॅम), कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या ओळीत 'मिटिगेशन्स=ऑफ' टाकलं, म्हणजे प्रोसेसरमधली भोकं बुजवणारे इलाज बंद. स्टॉकचा रिपोर्ट आधी चहा पिऊन, कप विसळून झाला तरी यायचा नाही. आता चहा यायच्या आत येतो.

२०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर-मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या भोकांचा गाजावाजा झाला, तेव्हापासून एक भोक बुजवलं की दुसरं निघतंय आणि दर वेळी आपलंच मशीन मंद होतंय. चूक प्रोसेसर बनवणाऱ्याची, दंड वर्कशॉपनं का भरायचा? आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय, बुशची ड्रॉइंगं? क्लाउडवाल्यांनी लावावीत कुलपं. बोला.

गंगापूर रोड
आधी एक सांगा. त्याच महिन्यात एसएसडी टाकली होती का?

अंबडचा फिटर
एकाच मशीनमध्ये. स्टॉकच्या. पण तरी.

गंगापूर रोड
मग झालं! दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय एकीलाच दिलं. तुमच्याकडे जॉबचं माप असं घेतात का?

हा भार पडतो कुठे ते बघा. मेल्टडाउनवरचा इलाज म्हणजे प्रोग्रॅमला आणि कर्नलला वेगवेगळी पेज टेबलं, म्हणजे मेमरीत काय कुठे आहे त्याचे नकाशे. कर्नलमध्ये शिरताना-निघताना टेबल बदलायचं. कंपनीच्या गेटवर वॉचमन पिशवी तपासतो तसं. दिवसभर मशीनवर उभ्या ऑपरेटरला त्याचा काही त्रास नाही. बिडीसाठी वीसदा बाहेर पडणाऱ्या हेल्परची मात्र निम्मी शिफ्ट गेटवर जाते. डेटाबेस, नेटवर्क, हजारो बारक्या फायली हे सगळे हेल्पर. तुमचं टूलपाथ (हत्यार फिरायची वाट) काढणं हा ऑपरेटर, तिथे फरक जाणवायचा नाही. शिवाय सहाव्या पिढीत पीसीआयडी आहे (कुठली नोंद कुठल्या टेबलाची याची खूण), त्यामुळे टेबल बदललं म्हणून दर वेळी टीएलबी, म्हणजे प्रोसेसरनं जवळ ठेवलेली त्या नोंदींची वही, रिकामी करावी लागत नाही.

एक मात्र तुमच्या बाजूनं. २०२२ ला रेटब्लीड नावाचं भोक निघालं आणि तुमच्याच पिढीवर रेटपोलिन, म्हणजे स्पेक्टरवरचा जुना इलाज, पुरेना. आता कर्नलमध्ये शिरताना आयबीआरएस, म्हणजे प्रोसेसरच्या अंदाजांवरचा लगाम, लावावं लागतं आणि ते महाग पडतं.

पंचवटीकर
"चोरण्यासारखं काय" हे वाचून हसू आलं. त्याच मशीनवर जीएसटी भरता ना? बँकही उघडता?

भानगड काय आहे ते आपल्या मिसळीच्या हॉटेलात बघा. रोजचं गिऱ्हाईक दारात दिसलं की पोऱ्या न विचारता प्लेट मांडतो. अंदाज चुकला तर प्लेट परत जाते, पण टेबलावर रश्श्याचा गोल डाग राहतो. डागावरून कळतं काय मांडलं होतं. प्रोसेसरही पुढचं काम अंदाजानं आधीच करून ठेवतो. अंदाज चुकला की निकाल पुसतो, कॅशमधला, म्हणजे हाताशी ठेवलेल्या चटपट मेमरीतला, डाग पुसत नाही. कोणती जागा पटकन वाचून होते याची वेळ मोजली की डाग दिसतो. आणि वेळ मोजायला ब्राउझरमधली जावास्क्रिप्टसुद्धा चालते. गूगलनं २०२१ मध्ये क्रोमवर करून दाखवलं, सेकंदाला साधारण एक किलोबाइट. चाचणी स्कायलेकवर, म्हणजे काका, तुमच्याच सहाव्या पिढीवर!

सिन्नरी
अर्धंच सांगितलंत. त्या प्रयोगात पान वाचत होतं ते ब्राउझरच्या त्याच प्रोसेसची मेमरी. कर्नलचं बटण चालू असो की बंद, त्यात फरक पडत नाही. तो बंदोबस्त ब्राउझरनं करायचा. म्हणून तर क्रोमनं प्रत्येक साइटला वेगळी प्रोसेस दिली, घड्याळ मुद्दाम बोथट केलं.

बाकी यातून कुणाचं खातं रिकामं झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आमच्या शेजारच्या गाळ्यात सगळ्या फायली कुलूपबंद झाल्या, त्या 'बिल' नावाच्या मेलमधून. तिथे कुठलं मिटिगेशन कामाला येणार होतं? बॅकअप नव्हता हो, बॅकअप! फिटर भाऊंचं मला पटतं.

पंचवटीकर
प्रोसेसचा मुद्दा बरोबर, मागे घेतो. पण 'ऑफ' म्हटल्यावर मेल्टडाउनचा पडदाही जातो. मग त्या मशीनवर चालणारा कुठलाही साधा प्रोग्रॅम, रूट (पूर्ण अधिकार) नसताना, कर्नलची मेमरी वाचू शकतो. मेलमधलं 'बिल' उघडणाऱ्या माणसाच्या मशीनवर हे ठेवायचं?

गंगापूर रोड
ही ओळ २०१९ मध्ये ५.२ कर्नलला आली. ती सरसकट आहे, मेन स्विच पाडल्यासारखी. २०२३ च्या डाउनफॉल या भोकाचा इलाजही तिच्यातच जातो. तो सहाव्या ते अकराव्या पिढीला लागू आहे, आणि गॅदर सूचना (विखुरलेले आकडे एकदम गोळा करणाऱ्या) वापरणाऱ्या आकडेमोडीला तो खरंच जड जातो. म्हणजे वर मी ऑपरेटरला त्रास नाही म्हटलं, त्याला हा अपवाद. ६.१७ पासून मात्र धोका कुठून कुठे, ते बघून निवडता येतं: प्रोग्रॅमकडून कर्नलला, एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याला, व्हर्च्युअल मशीनमधून होस्टला. डेबियन १३ चं स्वतःचं कर्नल ६.१२, त्यात हे नाही.

तोवर ऑफिसच्या मशीनवरून ओळ काढा, रीबूट करून 'एलएससीपीयू' ही कमांड मारा. व्हल्नरेबिलिटीच्या यादीत मेल्टडाउनसमोर 'पीटीआय', म्हणजे वर सांगितलेली वेगळी टेबलं, दिसलं पाहिजे. आणि रिपोर्ट दोन्हीकडे घड्याळ लावून काढा, चहा लावून नाही.

अंबडचा फिटर
मारलं. मेल्टडाउनसमोर 'व्हल्नरेबल', खाली अजून चार-पाच ठिकाणी तेच. बघून बरं नाही वाटलं, खोटं कशाला बोलू. ऑफिसच्या दोन्हींवरून ओळ काढतो. शेडमधल्या दोन्हींना नेटची केबलच नाही, तिथे 'ऑफ' राहणार. यावर मी ऐकणार नाही.

पंचवटीकर
शेडमध्ये प्रोग्रॅम जातात कसे?

अंबडचा फिटर
पेन ड्राइव्हनं.

पंचवटीकर
आणि पेन ड्राइव्ह कुणाचा?

अंबडचा फिटर
भाच्याचा. त्यात त्याचे पिक्चरपण असतात. उद्या नवीन आणतो, फक्त शेडचा.