अनुभव धागा: पाणी मचूळ करून मासे वाचवले (किंवा नाही वाचवले)

मिऱ्याकाठ, रत्नागिरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. घरात तीन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. मे महिन्यात एका क्लाऊनफिशच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे ठिपके दिसले, आठवड्याभरात तिच्या जोडीदारावर आणि पिवळ्या शेपटीच्या डॅमसेलवरही आले. तिघांना वेगळ्या टाकीत घेऊन पाण्यातला खारटपणा उतरवला. आज १९वा दिवस. ज्यांनी ज्यांनी हा प्रकार केलाय त्यांनी इथे लिहावं, फसलेल्यांनी तर जरूर लिहावं.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. दुकानात ज्याला नुसतं ‘इक’ म्हणतात तो क्रिप्टोकॅरिऑन, हे ठिपके आणणारा परजीवी. गोड्या पाण्यातला इक वेगळा, त्याची औषधं इथे डोक्यातून काढून टाका. हा जीव माशाच्या कातडीखाली तीन ते सात दिवस खातो, मग सुटून तळाला, काचेला, दगडाला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करतो. त्यातून शेकडो पिल्लं निघतात. दोन दिवसांच्या आत मासा सापडला नाही तर ती मरतात. समुद्राच्या पाण्याची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (गोड्या पाण्याच्या मानाने जडपणा) साधारण १.०२६, म्हणजे ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ). ती १.००९ वर, सुमारे १२ पीपीटीवर आणली की कवचातले आणि मोकळे पोहणारे दोन्ही पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. माशाच्या रक्तातला खारटपणा मुळातच तेवढ्याच्या आसपास असतो, म्हणून मासा तगतो. कातडीखाली बसलेल्याला मात्र यातलं काही लागत नाही. तो खाली उतरेपर्यंत आपण बसून राहायचं.

कोळंबी, शंख, ॲनिमोन, पोवळी आणि जिवंत दगड (बारीक जीव वसलेले समुद्री दगड) असलेल्या टाकीत हे करायचं नाही. ते सगळं मरतं. उघडी टाकी, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, एक स्पंज फिल्टर, बास.

कातळशिल्पी, देवगड

मी फसलेल्यांच्या रांगेत पहिला.

ओहोटीला खडकातल्या डबक्यातून दोन बोटभर मासे आणले होते आणि थेट मोठ्या टाकीत सोडले. शहाणपण! दहा दिवसांत सगळ्यांवर ठिपके. खारटपणा व्यवस्थित उतरवला, दोन दिवस घेतले, आकडा बरोबर १.००९. चौथ्या दिवशी ठिपके गायब. घरात सगळ्यांना बोलावून दाखवले. दहाव्या दिवशी मासे परत मोठ्या टाकीत.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच, या वेळी कल्ल्यांत. दोन मेले.

चूक नंतर समजली. चौथ्या दिवशी ठिपके जातात ते औषधामुळे नाही. तो त्याचा वेळ भरला म्हणून खाली उतरलेला असतो. काहीच केलं नसतं तरी चौथ्या-पाचव्या दिवशी ठिपके गेलेच असते, आणि दुप्पट होऊन परत आले असते. आता मी शेवटचा ठिपका दिसल्याच्या दिवशी कॅलेंडरवर गोल करतो आणि तिथून चार आठवडे मोजतो. मोठी टाकी तोवर माशांशिवाय चालवायची, ७६ दिवस. कवचातून पिल्लं निघायला ७२ दिवसांपर्यंत लागल्याची नोंद आहे, त्यावर चार दिवस पदरचे. अडीच महिने रिकाम्या टाकीला दिवा लावताना बायको जे बोलते ते इथे लिहीत नाही.

धामापूरकर, मालवण

माझी गोष्ट यंत्राची आहे. खारटपणा मोजायला काटा वर-खाली होतो ते प्लास्टिकचं डबडं वापरायचो. पावसाळ्यात समुद्राचंच पाणी आणायचो, आणि ते प्रत्येक वेळी वेगळं. एकदा खाडीच्या तोंडाशी कॅन भरताना होडीवरचे काका हसले, “अरे बाबा, ह्यां पाणी खारां खंय? पावसाचां पाणी मिसाळलां हा.” जिभेवर त्यांना समजलं, माझ्या काट्याला समजलं नाही.

पण खरा घोळ उपचाराच्या वेळी झाला. काटा १.००९ दाखवत होता, तीन आठवडे झाले तरी ठिपके जात-येत होते. शेवटी मित्राचा रिफ्रॅक्टोमीटर (थेंब टाकून डोळ्याने खारटपणा वाचायचं यंत्र) आणला तर आकडा १.०१३. काट्यावर मिठाचं कीट बसून तो जड झाला होता, म्हणून कमी दाखवत होता. १.०१३ ला हा परजीवी मजेत जगतो. तीन आठवडे मी त्याला नुसतं हवापालट करून दिलं.

आता रिफ्रॅक्टोमीटर दर दोन दिवसांनी आरओच्या थेंबावर शून्याला लावून घेतो. हिशोबही सोपा आहे: १०० लिटर ३५ पीपीटी पाण्यातलं ६६ लिटर काढून तेवढंच गोडं घातलं की १२ पीपीटीच्या जवळ येतं. एका बसणीत नाही, दोन दिवसांत. आणि पाणी उडून जातं पण मीठ टाकीतच राहतं, म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच घालायची. पावसाळ्यात तांब्याभर पुरतं. मे महिन्यात मात्र चुकलात की आकडा गुपचूप वर चढतो.

परसदार, चिपळूण

माझं सगळं नीट झालं होतं. म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत.

पाच आठवडे १.००९ वर काढले. विहिरीचं पाणी वापरलं. आमच्याकडे जांभ्यातलं पाणी, मऊ आणि किंचित आंबट, त्यामुळे पीएच सारखा खाली यायचा. खारं पाणी कमी केलं की त्यातला पीएच धरून ठेवणारा भागही कमी होतो हे तेव्हा शिकले. चिमूटभर खायचा सोडा पाण्यात विरघळवून, मोजून मोजून घालायचे. माशांच्या घाणीतून होणाऱ्या अमोनियाची चाचणी रोज, कारण तो पचवणारे फिल्टरमधले जीवाणूही या बदलाने सुस्तावतात. एकाही माशावर ठिपका राहिला नाही.

मग गणपती आले. गावी जायचं, पाच दिवस घर बंद. सासूबाई म्हणाल्या, “मासे काय उपाशी मरतात का ग पाच दिवसांत?” उपाशी नाहीच मरत. पण मला वाटलं, परत येईपर्यंत पाणी पूर्ववत असलेलं बरं. आदल्या संध्याकाळी मोदकांचं सारण एका गॅसवर आणि इकडे मी मिठाचं पाणी ओततेय, १.००९ वरून १.०२२, एका रात्रीत. सकाळी दोघे तळाशी आडवे, तिसरा धापा टाकत होता. तोही दुपारी गेला.

उतरवताना मासा सोसतो, चढवताना सोसत नाही. पाणी एकदम खारट झालं की त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. दिवसाला ०.००१, फार तर ०.००२, म्हणजे सगळं मिळून दहा-बारा दिवस. हे मला माहीत होतं. वहीत लिहून ठेवलं होतं. गौरी येईपर्यंत थांबायचं होतं इतकंच.

खडपेवाला, वेंगुर्ला

माझा राग वेगळाच. एका दुकानात फोटो दाखवला, “मीठ उतरवा, इक आहे.” तो इक नव्हता. ठिपके रव्यासारखे नव्हते, सोनेरी पूड लावल्यासारखे होते, आणि मासे पॉवरहेडच्या (टाकीत पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) धारेत तोंड घालून भराभर श्वास घेत होते. तो मखमल्या रोग, ॲमिलोओडिनियम, दुकानात ‘व्हेल्व्हेट’. त्याला मचूळ पाण्याचं सुतकही नाही. तीन दिवसांत टाकी रिकामी. त्याला तांब्याचं औषध लागतं, तेही वेगळ्या टाकीत आणि टेस्ट किटने मोजून, नाहीतर मासेच मरतात. मोठ्या टाकीत एकदा तांबं गेलं की दगड ते शोषतात आणि मग शंख-कोळंबी तिथे ठेवायचा भरवसा उरत नाही.

आधी रोग ओळखा. ठिपका केवढा, श्वास किती, हे दोन प्रश्न स्वतःला विचारा.

शिरगावची विद्यार्थिनी

मत्स्य महाविद्यालयात शिकते, म्हणून थोडं वेगळं सांगते. मीठ उतरवणं हा आठवड्यांचा उपाय, गोड्या पाण्याची बुडी हा पाच मिनिटांचा. दोन्ही एकच समजू नका. एका गोबऱ्याचे डोळे गढूळ झाले होते, तो सारखा अंग घासायचा. तापमान आणि पीएच टाकीइतकाच करून घेतलेल्या, हवा सोडलेल्या गोड्या पाण्यात त्याला पाच मिनिटं ठेवलं, काळ्या ट्रेमध्ये. दुसऱ्या मिनिटाला ट्रेच्या तळाशी पांढरे तांदळाच्या कणीएवढे चपटे तुकडे पडायला लागले. चपटे किडे, फ्लूक. अंगावर असताना पारदर्शक, म्हणून दिसत नव्हते, गोड्या पाण्यात पांढरे पडतात. क्रिप्टोकॅरिऑनला मात्र या बुडीचा उपयोग नाही, तो कातडीखाली असतो.

आणि खाडीतला जिताडा मचूळ पाण्यात पाहून “मासे काय, कसेही राहतात” असं कुणी म्हणू नये. जिताडा गोड्या पाण्यातही जगतो. तुमच्या टाकीतली बटरफ्लायफिश नाही.

सुपारीबाग, दापोली

२०२० साली ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा माझा उपचार चालू होता, १४वा दिवस. आमच्या वाडीत कित्येक दिवस वीज नव्हती. बॅटरीवरचा एअर पंप दोन दिवस चालला, मग मुलगा आणि मी आळीपाळीने मगने पाणी उचलून वरून सोडायचो, रात्री दर दोन तासांनी. खाणं पूर्ण बंद, म्हणजे अमोनिया कमी. पाणी बदलायला कौलांवरून गळणारं पावसाचं पाणी चादरीतून गाळून घेतलं, मीठ घरात होतं. आकडा बघायला टॉर्च तोंडात धरून रिफ्रॅक्टोमीटर. झाडं पडली, निम्मी बाग गेली, आणि आम्ही दोन क्लाऊनफिशसाठी जागत होतो. शेजारी काय म्हणाले असतील ते म्हणोत.

दोन्ही जगले. एक अजून आहे.

मिऱ्याकाठ (धागाकर्ता)

परसदार ताई, तुमचं वाचून वहीच्या पहिल्याच पानावर ‘चढवताना ०.००१’ असं लाल पेनाने लिहिलं. धामापूरकर, काल रात्री मीही आरओचा थेंब टाकून पाहिला, माझा रिफ्रॅक्टोमीटर ०.००१ जास्त दाखवत होता. म्हणजे १९ दिवस मी १.००८ वर होतो. मासे खाताहेत, श्वास ठीक आहे, म्हणून घाबरलो नाही, पण आज अर्धा मग खारं पाणी घालून आकडा सरळ केला. डॅमसेलच्या शेपटीवर शेवटचा ठिपका सहाव्या दिवशी दिसला होता. तिथून चार आठवडे म्हणजे अजून १५ दिवस.

मखमल्याचे आणखी कुणाचे अनुभव असतील तर लिहा. वाचतोय.