डोक्याला मार लागल्यावरची रक्तचाचणी: ती तालुक्याच्या रुग्णालयात हवी का?

माधवी_र (प्रस्ताव)
दुचाकीवरून पडलेला माणूस शुद्धीवर असतो, नीट बोलतो, शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवर त्याचे गुण १५ पैकी १३ ते १५ भरतात, आणि तरीही मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री सीटी स्कॅनवाचून देता येत नाही. आपल्या ग्रामीण रुग्णालयांत ते यंत्र सहसा नसते. मेंदूच्या पेशींना इजा झाली की तारकापेशींतले (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींतले) जीएफएपी आणि चेतापेशींतले यूसीएच-एल१ ही प्रथिने रक्तात उतरतात. त्यांवर आधारलेल्या चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१८ मध्ये परवानगी दिली. २०२४ पासून तिथे हातात मावणाऱ्या यंत्रावर, शिरेतल्या रक्ताच्या थोड्या नमुन्यावरून, मार लागल्यापासून २४ तासांपर्यंत ही चाचणी करता येते आणि निकाल सुमारे १५ मिनिटांत मिळतो. ती आपल्याकडे आधी तालुक्याच्या पातळीवर यावी, असे माझे ठाम मत आहे.

धनंजय_को
मी असहमत आहे. ज्या अभ्यासावर २०१८ ची परवानगी उभी आहे, त्यातल्या १,९५९ जणांपैकी १,२८८ जणांची चाचणी सकारात्मक, म्हणजे इजेची शक्यता दाखवणारी, आली, मात्र सीटीवर इजा दिसली ती १२५ जणांना. म्हणजे दर तिघांतल्या दोघांना तुम्ही रुग्णवाहिकेत बसवून जिल्ह्याला पाठवणारच. शिवाय जीएफएपी वयानुसार वाढत जाते, त्यामुळे घरात पडलेल्या वृद्धांमध्ये ही चाचणी आणखी कमी उपयोगाची ठरते. थंड साठवण लागणाऱ्या महागड्या कार्ट्रिजवर (चाचणीसाठी यंत्रात घालायच्या डबीवर) पैसा घालण्याऐवजी दर तासाला डोळ्यांच्या बाहुल्या आणि शुद्धीची पातळी तपासून नोंद ठेवणारी परिचारिका रात्रपाळीला असेल, याची व्यवस्था मला जास्त मोलाची वाटते.

माधवी_र
याच अभ्यासातली दुसरी बाजूही पाहा. ६७१ जणांची चाचणी नकारात्मक होती आणि त्यांतल्या केवळ तिघांच्या सीटीवर इजा दिसली. आज तालुक्याचा डॉक्टर एक तर सर्वांनाच पुढे पाठवतो, किंवा अंतर आणि खर्च पाहून नातेवाईक रुग्णाला परस्पर घरी नेतात, आणि हा दुसरा प्रकार जीवघेणा आहे. तिघांतला एक जण निर्धास्तपणे गावातच ठेवता आला, तर उरलेल्या दोघांसाठी आग्रह धरायला डॉक्टरच्या हाती पुरावा असतो. परिचारिकेची निगराणी हवीच, नकारात्मक निकालानंतरही हवी. तिला पर्याय म्हणून मी चाचणी सुचवलेली नाही.

शाल्मली_दे
तुम्ही दोघेही सीटीला अंतिम कसोटी मानता, आणि माझा मतभेद तिथेच आहे. अमेरिकेतल्या ट्रॅक-टीबीआय या अभ्यासात, सीटी निर्दोष असूनही ज्यांचे जीएफएपी जास्त होते त्यांच्यापैकी अनेकांच्या एमआरआयवर इजा आढळली. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे धनंजयराव ज्याला चुकीचा सकारात्मक निकाल म्हणतात, त्यातला काही भाग सीटीला न दिसलेल्या खऱ्या इजेचा आहे. एस१००बी या दुसऱ्या प्रथिनाची आधीपासूनची चाचणी स्कँडिनेव्हियात २०१३ पासून डोक्याच्या इजेवरील मार्गदर्शक सूचनांत आहे, पण ते प्रथिन हाड मोडल्यावरही वाढते, आणि अपघातग्रस्तांत तीच अडचण होते. जीएफएपी मेंदूशी अधिक निगडित आहे. २०२५ मध्ये तज्ज्ञांनी मेंदूच्या इजेची ‘सौम्य, मध्यम, तीव्र’ ही विभागणी अपुरी ठरवून लक्षणे, रक्तातील जैवचिन्हे (इजा दाखवणारी अशी प्रथिने), प्रतिमा आणि रुग्णाची पार्श्वभूमी यांचा एकत्र विचार करणारी मांडणी सुचवली, ती याच कारणाने.

धनंजय_को
हा मुद्दा मला मान्य आहे, पण त्याने माझी शंका वाढते. सीटी निर्दोष, जीएफएपी जास्त, आणि एमआरआय आवाक्याबाहेर, अशा ऊसतोड मजुराला डॉक्टरने नेमके काय सांगायचे? ज्या निकालानंतर करण्याजोगे काही नाही, तो निकाल भीतीच देतो.

शाल्मली_दे
करण्याजोगे बरेच आहे. पुन्हा मार बसेल असे काम काही आठवडे टाळायला सांगता येते. डोकेदुखी, विसरभोळेपणा, चिडचिड, झोपमोड ही लक्षणे घरच्यांना समजावून देता येतात, आणि ठरलेल्या तारखेला त्याला परत बोलावता येते. आज ‘स्कॅन नॉर्मल आहे’ एवढे सांगून त्याला घरी पाठवले जाते, आणि महिन्याभराने कामात लक्ष लागेनासे झाले की त्याचा संबंध त्या अपघाताशी कोणीही जोडत नाही.