मॅच, मासे आणि दोनच नळ: कोल्हापुरातले अनुभव टाका

मटणाच्या गावात मासे खायला जायचं म्हटलं की अजून लोक हसतात. पण आता मॅचच्या दिवशी मासे मिळणाऱ्या स्पोर्ट्स बारात पाय ठेवायला जागा नसते. आम्ही जातो तिथं मोठा पडदा, कोपऱ्याकोपऱ्यात टीव्ही आणि क्राफ्ट बिअरचे नळ दोनच, त्यातला एक बहुतेक वेळा कोरडा. माझं मत आधीच सांगून टाकतो: मासा आणि बिअर दोन्हीची चव मॅच सुरू व्हायच्या आधी घ्यायची, नंतर नुसता आरडाओरडा. तुमचं काय? बरेवाईट सगळे अनुभव चालतील, फक्त हॉटेलाचं नाव नको, उगं वाद.

मंगळवार पेठकर
१८ डिसेंबर २०२२, अर्जेंटिना-फ्रान्स फायनल. पेठेत झेंडे, कटआउट सगळं लागलंवतंच, पण आमचं टोळकं म्हटलं आज एसीत बसून बघायची. आत गेलो तर शाहू स्टेडियमला पीटीएमची, म्हणजे आपल्या पाटाकडील तालमीची फुटबॉल मॅच असल्यागत दंगा. मार्गशीर्ष चालू होता म्हणून निम्मी पोरं चणा मसाल्यावर आणि आमच्यासारखे दोघं-तिघं कोलंबी कोळीवाड्याची वाट बघत बसलेले. आम्ही अर्जेंटिनावाले २-० नं पुढं होतो तवर प्लेट काय आली नाही. ऐंशीव्या मिनिटाला फ्रान्सच्या एम्बापेनं पेनल्टी घातली, लगेच पुढच्याच मिनिटाला दुसरा गोल, आणि बरोब्बर त्याच टायमाला वेटर पडद्याच्या आडवा येऊन विचारतोय, "दादा, लिंबू अजून देऊ काय?" मर्दा, आख्खं हॉटेल त्याच्यावर वराडलं. ३-३ झालं, पेनल्टीवर ४-२ नं जिंकलो, कोलंबी कोण खाल्ली कुणाला पत्ता नाही. बिलात मात्र लागली.

रत्नागिरीची लेक
माझं माहेर रत्नागिरी, त्यामुळे मासा कधीचा आहे ते पहिल्या घासाला कळतं. आंबा घाट चढून सकाळी आलेला बांगडा आणि बर्फात आठवडा काढलेला बांगडा, कितीही मसाला चोपडा, लपत नाही. आमच्या नेहमीच्या ठिकाणी मासा चांगला असतो, हे कबूल. गर्दी झाली की मात्र तव्यावर एकावर एक लावतात, मग रवा कुरकुरीत होण्याऐवजी तेल पिऊन बसतो. आणि पडदा नीट दिसावा म्हणून दिवे मालवतात! अंधारात बांगड्याचे काटे कसे काढायचे, सांगा? मी मोबाईलची बॅटरी लावून खाल्लाय, शेजारचे काका बघत होते. तेव्हापासून मॅचला फक्त सुरमईची तुकडी, मधला काटा एकदा काढला की बघायला मोकळं. बांगडा दुपारी निवांत खायचा मासा आहे.

हायवेपलीकडचा
पुण्यात राहून आलोय, तिथं डूलाली ही क्राफ्ट बिअर बनवणारी छोटी ब्रुअरी २००९ मध्येच सुरू झाली, त्यामुळं आमच्या जिभेला सवय लागलीय. इथं एक गव्हाची आणि एक लागर, बास. गव्हाची आली की आधी वास घ्यायचा, केळं आणि लवंगेचा हलका वास येतो, तो यीस्टमुळं, केळं कुणी घातलेलं नसतं. पण इथं मग फ्रीजरमधनं बर्फ धरलेला ग्लास काढून त्यात देतात, वास गायब. नळाची पाइप धुतली नसेल तर बिअर आंबट लागते, ते वेगळंच. एक गोष्ट मात्र पटली, कोल्हापुरी तिखट माशाबरोबर कडू बिअर घेतली की तोंडाची आग आणखी भडकते, गव्हाची बरी. ती पॉवरप्ले संपायच्या आत संपते ही खरी अडचण. नंतर बाटलीतली स्ट्राँग घ्या म्हणतात, मी सोलकढी घेतो.

घाटमाथ्यावरचा
२९ जून २०२४, टी-ट्वेंटी वर्ल्ड कप फायनल, मित्राला काय हुक्की आली कुणास ठाऊक, ताजा पापलेटच पाहिजे म्हणाला. अरे बाबा, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ट्रॉलर किनाऱ्याला लागलेले, ताजा कुठनं आणणार? मॅनेजर मात्र प्रामाणिक निघाला, सरळ म्हणाला, साहेब पापलेट फ्रोजन आहे, त्यापेक्षा नदीचा मरळ घ्या नाहीतर सुका बोंबील. बोंबलाची चटणी आणि भाकरी मागवली, शपथ सांगतो, त्या मेनूवरचं सगळ्यात भारी तेच निघालं. शेवटच्या ओव्हरला सूर्यानं (सूर्यकुमार यादवनं) आफ्रिकेच्या मिलरचा कॅच सीमारेषेवर घेतला तेव्हा माझ्या हातातली भाकरी कुठं उडाली ती अजून सापडायचीय.

रंकाळ्याची हवा
एवढा मोठा पडदा लावलाय आणि माशाबरोबर पांढरा रस्सा मागितला तर वेटर हसतो. मटणाच्या ताटाबरोबर देता की! नुसता वाटीभर आणा, पैसे घ्या. बाकी सर्व्हिस ठीक, पण बायकांनी फॅमिली सेक्शनमध्येच बसायचं हे काय कळत नाही, तिथला टीव्ही छोटा आणि आवाज बंद. आम्ही काय सबटायटल वाचायला येतो?

मंगळवार पेठकर
ताई, पांढरा रस्सा माशाबरोबर? नाद खुळा.

रंकाळ्याची हवा
खाऊन बघा, मग बोला.

नवीन भिडू
रविवारी आठजण येणार आहोत, त्यात एक शाकाहारी आणि एक गाडी चालवणारा. टेबल फोनवर धरून ठेवतात का, की तासभर आधी माणूस बसवायला लागतो?

हायवेपलीकडचा
फोनवर हो म्हणतात आणि गेल्यावर नाही म्हणतात. माणूसच बसवा. गाडी चालवणाऱ्यालाच बसवा, तो तसाही मसाला सोडा पिणार.