‘सीएसआय’चा पहिला सीझन संपला तेव्हा ग्रुपवर झालेली चर्चा

कोल्हे (सेक्रेटरी): मंडळी, क्लब हाऊसच्या पडद्यावर ‘सीएसआय’ या गुन्हे-तपासाच्या अमेरिकी मालिकेचा पहिला सीझन काल रात्री संपला. २३ भाग. मे महिन्याच्या उकाड्यात रोज एवढी माणसं खाली येऊन बसली, याचा फार आनंद वाटला. पुढं काय लावायचं ते ठरवूच. त्याआधी सांगा, कुठला भाग डोक्यात बसला?

भारंबे सर (ए-३०१): माझ्यासाठी विमानाचा, नववा. लास वेगासला उतरणाऱ्या विमानात पहिल्या वर्गातला एक प्रवासी मेलेला सापडतो. तपासात कळतं की सहप्रवाशांनीच घाबरून त्याला मारलं. तो दंगा करत होता, कारण त्याच्या मेंदूला सूज आली होती. तो आजारी होता, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. शेवटी टीममधले एकमेकांना विचारतात, आपण तिथं असतो तर काय केलं असतं? तेव्हा टीमचा प्रमुख ग्रिसम म्हणतो की त्या माणसाला काय होतंय हे एकानंही विचारलं नाही. मला रात्री झोप आली नाही हो.

महाजन वहिनी (बी-२०३): मला सातवा. अख्खं कुटुंब संपलेलं आणि एक लहान मुलगी वाचलेली. ती टीममधल्या साराचा हात सोडायला तयार नसते. ती मुलगी म्हणजे डकोटा फॅनिंग, पुढं केवढी मोठी नटी झाली. मी वीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलंय, रक्ताचं मला काही वाटत नाही. पण थेंबाच्या आकारावरून तो कुठून आणि कोणत्या कोनातून पडला हे काढतात, ते बघताना मी खुर्चीत पुढं सरकले होते. सरळ पडलेला थेंब गोल असतो, तिरका पडला की लांबट होतो. रुंदी आणि लांबीच्या गुणोत्तरावरून कोन निघतो. हे अगदी खरं आहे, मालिकेपुरतं नाही.

अहिरराव भाऊ (सी-१०४): सगळं चांगलं होतं. पण माले ते डुकरवालं पटनं नही. ग्रिसम रात्रभर ब्लँकेटमध्ये गुंडाळलेल्या मेलेल्या डुकराजवळ बसतो. एवढा मोठा अधिकारी, किडे मोजत बसेल का?

भारंबे सर: अहिरराव भाऊ, दहावा भाग तो. आणि मला तर तोच सगळ्यात प्रामाणिक वाटला. बत्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलंय म्हणून जरा लांबण लावतो, रागावू नका.

प्रेत उघड्यावर असलं की निळ्या-हिरव्या चमकदार माश्या लगेच येतात आणि अंडी घालतात. अंड्यातून अळी निघते, ती दोनदा कात टाकते, मग कोष, मग माशी. कोणत्या जातीला कोणत्या तापमानात किती वेळ लागतो हे ठरलेलं असतं. म्हणून सगळ्यात मोठी अळी किती वयाची, हे कळलं की मृत्यू निदान किती आधी झाला ते सांगता येतं. ऊन जास्त असेल तर सगळं भराभर होतं. आपल्याकडं मेमध्ये पारा ४५च्या वर जातो, तेव्हा जानेवारीचा हिशेब इथं चालायचा नाही. लास वेगासही वाळवंटातच आहे, म्हणून ग्रिसमला तापमानाची एवढी काळजी.

त्या भागातली अडचण अशी की बाई बेपत्ता झाली त्यापेक्षा किडे कमी दिवस दाखवत होते. संशय नवऱ्यावर, आणि त्याचा वकील तेवढ्यावर केस उडवणार. प्रेत ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं होतं, म्हणजे माश्यांना आत शिरायला उशीर झाला असणार, हा ग्रिसमचा अंदाज. अंदाज कोर्टात चालत नाही. म्हणून डुक्कर. शरीर माणसाच्या जवळचं, कातडी तशीच. प्रयोग करून बघितल्याशिवाय तो स्वतःवरही विश्वास ठेवत नाही. साक्षीला उभं राहणाऱ्या माणसाची हीच रीत हवी.

आणि हे आजचं नाही. चीनमधल्या सोंग त्झू नावाच्या न्यायाधीशानं १२४७ साली लिहून ठेवलंय. एका माणसाचा विळ्यानं खून झाला. तपास करणाऱ्या अधिकाऱ्यानं गावातल्या सगळ्यांना आपापले विळे आणून जमिनीवर ठेवायला सांगितले. एकाच विळ्यावर माश्या घोंघावू लागल्या. पुसला होता तरी रक्ताचा वास राहिलाच होता.

अहिरराव भाऊ: बराबर शे सर. विळ्याचं एकदम पटलं. बैलाच्या जखमेवर माशी कशी येते ते आम्ही लहानपणापासून बघत आलोय.

ईशा (सी-४०१): मला या मालिकेमुळे पक्कं कळलं की बारावीनंतर फॉरेन्सिक सायन्सच करायचं. इंजिनिअरिंग नाही.

ईशाचे बाबा (सी-४०१): बेटा, हे घरी बोलू. टीव्हीवरचं बघून आयुष्य ठरवत नसतात. तिथं अर्ध्या तासात डीएनए येतो आणि पाऊण तासात आरोपी आत. नोकरी कुठं आहे, काम काय असतं, काही माहीत नाही.

महाजन वहिनी: भाऊ, डीएनएचं तुमचं खरं आहे. नमुना स्वच्छ करायचा, त्यातून डीएनए वेगळा काढायचा, मशिनला लावायचा, मग दुसऱ्या माणसानं तपासायचं. घाई केली तर चूक होते. आणि रक्ताचे डाग शोधायचं ते रसायन, ल्युमिनॉल, मारला की निळं चमकतं ना, ते प्रत्येक वेळी रक्तच असतं असं नाही. ब्लीचनं पुसलेल्या फरशीवरही चमकतं, तांब्यामुळंही चमकतं. पुढची खात्रीची चाचणी करावीच लागते. मालिकेत ते दोन सेकंदांत उरकतात. पण म्हणून मुलीला अडवू नका असं मला मनापासून वाटतं.

आबा (बी-१०२): सगळ्यांना नमस्कार. मी ग्रुपवर फार लिहीत नाही. चष्मा लावून सावकाश टाइप करतोय, जरा थांबा.

मी पोलिसात हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि बरीच वर्षं मुद्देमाल कारकून होतो. म्हणजे गुन्ह्यात जप्त झालेली प्रत्येक वस्तू माझ्या ताब्यात. कुऱ्हाड, कपडे, दारूच्या बाटल्या, व्हिसेऱ्याच्या बरण्या. त्यामुळं या मालिकेत बाकीचे मशिनकडं बघत होते, तेव्हा मी पिशव्यांकडं बघत होतो. वस्तू कोण उचलतंय, कशात टाकतंय, वर काय लिहितंय.

आपल्या भागात केळी-कपाशीचा पट्टा. घराघरात फवारणीचं औषध. म्हणून इथं अकस्मात मृत्यूच्या कितीतरी कागदांवर एकच वाक्य असतं, ‘व्हिसेरा राखून ठेवला’. पेपरात वाचता तुम्ही. त्याचा अर्थ सांगतो. शवविच्छेदन करताना डॉक्टर जठर आणि त्यातलं अन्न, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड, प्लीहा यांचे भाग काढून मिठाच्या घट्ट द्रावणात घालतात. फॉर्मेलिनमध्ये नाही, त्यानं विष शोधायला अडचण येते. ते मीठ-पाणीसुद्धा वेगळ्या बाटलीत पाठवतात, म्हणजे विष पाण्यातच होतं असं पुढं कुणी म्हणू नये. बरणीला लाखेचं सील, त्या सीलचा नमुना वेगळ्या कागदावर. मग हवालदार ती पेटी घेऊन नाशिकच्या प्रयोगशाळेत जातो, पोच घेतो. महिन्यांनी सीए रिपोर्ट येतो. आम्ही आजही सीए म्हणतो, केमिकल ॲनालायझर.

एका केसमध्ये सासरी विष पोटात जाऊन मेलेल्या पोरीच्या बरणीवरचा गुन्हा क्रमांक आणि पत्रावरचा क्रमांक जुळला नाही. एक आकडा. प्रयोगशाळेनं नमुना परत पाठवला, बरोबरच केलं त्यांनी. परत पत्र, परत फेरी. पोरीचा बाप दर आठवड्याला ठाण्यात येऊन बाकावर बसायचा. मला विचारायचा नाही काही, नुसता बसायचा. त्या बापाला मशिन कितीची आहे याचं काय? त्याला बरणीवर बरोबर आकडा हवा होता.

म्हणून ईशाच्या बाबांना सांगतो. या पोरीला हे काम करावंसं वाटतंय, तर करू द्या. असं जबाबदारीनं काम करणारी माणसं कमी पडतात हो.

कोल्हे (सेक्रेटरी): आबा, एवढं सगळं तुम्ही प्रत्यक्षात केलंय. मग ही मालिका खोटी नाही वाटली?

आबा: बरंच काही आपल्याकडं तसं नसतं. आपल्याकडं ठसे तज्ज्ञ वेगळा, प्रयोगशाळेतला वेगळा, तपास अधिकारी वेगळा, आणि प्रयोगशाळेतला माणूस आरोपीला प्रश्न विचारत नाही. पण पहिला भाग आठवा. हॉली ग्रिब्ज नावाची नवी पोरगी, पहिलाच दिवस. टीममधल्या वॉरिकनं तिच्यासोबत घटनास्थळी थांबायचं होतं, तो जुगाराच्या कामासाठी निघून गेला. ती एकटी ठसे घेत राहिली. संशयित परत आला आणि तिला गोळी लागली. दुसऱ्या भागात ती गेली. त्यानंतर अख्खा सीझन वॉरिकच्या मानेवर ते ओझं आहे. सारा तर सॅन फ्रान्सिस्कोहून त्याचीच चौकशी करायला आलेली असते.

मला हे फार खरं वाटलं. घटनास्थळ सोडायचं नसतं. आम्हाला साहेब सांगायचे, चहाला गेलात तरी दोघांतला एक जण तिथं दिसला पाहिजे. लिहिणाऱ्याला हे कळलं होतं, म्हणून २००० साली सुरू झालेली ही मालिका १५ सीझन चालली असं माझं मत आहे.

ॲड. सोनवणे ताई (ए-१०२): आबांच्या मुद्द्याला धरूनच एक सांगते. अमेरिकेत या मालिकेनंतर ‘सीएसआय इफेक्ट’ची चर्चा सुरू झाली. तिथं निर्णय ज्युरी देते, म्हणजे साधी माणसं. टीव्ही बघून त्यांना वाटायला लागलं की डीएनए नसेल तर पुरावाच नाही, अशी सरकारी वकिलांची तक्रार. तसा परिणाम खरंच किती होतो, यावर तिथं अभ्यासकांचे मतभेद आहेत. आपल्याकडं ज्युरी नाही, १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. आपल्याकडं निकाल न्यायाधीश देतात, आणि ते सील, तारखा, पंच यांच्याकडं बघतात. आबा म्हणतात तेच.

आणि आता कायदाही बदललाय. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं. ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. शिवाय कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचंही चित्रीकरण. ईशाच्या बाबा, नोकरी कुठं आहे विचारत होतात ना? एवढ्या घटनास्थळी जायला माणसं लागणारच.

आबा: ताई बरोबर. आता माझं एक मागणं आहे, रागवू नका. आपण सगळ्यांनी २३ रात्री बसून ग्रिसमला टाळ्या वाजवल्या. पण पोलिस पंच मागायला आले की दारं बंद होतात. मी आयुष्यभर हे बघितलं. मग तोच तो पानटपरीवाला दहा पंचनाम्यांवर सह्या करतो, आणि कोर्टात वकील विचारतो, हा नेहमीचा पंच आहे का? केस तिथंच लंगडी पडते. प्रयोगशाळेनं कितीही चोख काम करू दे, वस्तू कुठून उचलली हे सांगणारा साधा माणूसच नसेल तर त्या रिपोर्टचं करायचं काय?

बाविस्कर (बी-४०४): आबा, मनात असतं. पण कोर्टाच्या तारखांची भीती वाटते. दुकान बंद ठेवून किती वेळा जायचं?

ॲड. सोनवणे ताई: बाविस्कर भाऊ, भीती समजते. कायदा काय सांगतो ते ऐका. झडतीच्या वेळी त्या परिसरातले दोन किंवा जास्त निष्पक्ष, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवायचे. म्हणजे तुम्ही-आम्हीच. कोर्टानं खास समन्स काढल्याशिवाय झडतीच्या पंचाला साक्षीला जावं लागत नाही. सही करण्याआधी पंचनामा पूर्ण वाचायचा, समोर घडलं नाही ते लिहिलं असेल तर तिथंच सांगायचं. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही. आणि लेखी बोलावूनही कारण नसताना नकार देणं हासुद्धा गुन्हा आहे.

महाजन वहिनी: बायका पंच होऊ शकतात ना ताई?

ॲड. सोनवणे ताई: हो तर. बाईची झडती असते तेव्हा तर महिला पंच मिळवायला पोलिसांची धावपळ होते.

महाजन वहिनी: मग माझं नाव लिहून ठेवा.

अहिरराव भाऊ: मी बी येसू. माले धाक नही. जे दिसलं ते सांगायचं, त्यात काय.

बाविस्कर (बी-४०४): ताई, पंचनामा कसा वाचायचा ते एकदा समजावून सांगाल का? मग विचार करतो.

कोल्हे (सेक्रेटरी): ताई, येत्या रविवारी सकाळी क्लब हाऊस मोकळं आहे. आबा आणि तुम्ही दोघं अर्धा तास बोला. दुसरा सीझन शनिवारी रात्री साडेनऊला सुरू करतो. पहिल्या सीझनमधला तो बाथटबमधल्या खुनांचा मिलँडर परत येतो त्यात, त्याचा शेवट अजून बाकी आहे.

ईशाचे बाबा: आबा, तुमचा मेसेज दोनदा वाचला. एक विचारू? हे शिक्षण आपल्या जवळपास कुठं आहे?

ईशा: बाबा, छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. मुंबई आणि नागपूरलाही आहे. तीन वर्षांची बी.एस्सी. मी सगळं काढून ठेवलंय.

ईशाचे बाबा: मला दाखवलं नाहीस कधी.

ईशा: उद्या दाखवते.

भारंबे सर: ईशा, जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन्ही पक्कं कर. माझ्याकडं कीटकांचे नमुने ठेवलेली जुनी पेटी आहे, हवी तर घेऊन जा. माश्यांच्या कोषाचे सगळे टप्पे आहेत त्यात, लेबलं लावलेली.

आबा: लेबलावर तारीख आहे का सर?

भारंबे सर: तारीख, जागा, दोन्ही आहे आबा.